तळातला डबा

४ फेब्रुवारी

चि. तराजूस,
अ. उ. आ., वि. वि.

बाबांना जाऊन परवा तीन महिने झाले. तू आला नाहीस, त्यावर काही लिहीत नाही. लिहायला बसले तर पत्र तिथंच संपेल. शिवणाचं दुकान मार्चअखेर सोडायचंय. मशीन, इस्त्री, कटिंगचं टेबल, सगळ्याची सोय लागली. राहिला मागच्या गॅलरीतला गांडुळांचा डबा. बाबांनी स्वतः भोकं पाडून एकावर एक रचलेले ते तीन डबे तुला आठवत असतील. वर भाजीची सालं, ओला कागद, दुकानातल्या सुती चिंध्या; खाली खत. कांदा-लिंबू वर्ज्य.

उघडण्याआधी बाबा कात्रीची मूठ झाकणावर दोनदा वाजवायचे, गांडुळांना खाली जायला सवड म्हणून. मीही वाजवते. खरं सांगू? हल्ली मी वाजवण्याआधीच टकटक ऐकू येते. हसू नकोस. भरदुपारी अंगावर काटा येतो.

डबा कोणाला देऊ, ते कळव. भांडण्यापुरता का होईना, लोभ शिल्लक ठेव.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

हसलो नाही. मी का आलो नाही ते तुला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी मी म्हणालो की जन्मभर सुई धरून बसणार नाही, आणि बाबा म्हणाले की माझ्या हातचा शर्ट पुन्हा तुझ्या अंगाला लागणार नाही. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी दरवर्षी पत्र टाकलं, एकाचंही उत्तर आलं नाही. इथे तयार शर्ट घालतो. डावा खांदा प्रत्येकात लोंबतो. एक पारडं खाली; तू ठेवलेलं तराजू हे नाव अजून शोभतं.

एकच खरं सांग. शेवटी तरी त्यांनी माझी आठवण काढली का? नसेल, तर मी येऊन कोणाच्या दारात उभा राहू?

डबा एखाद्या माळ्याला दे. फक्त तळातला डबा कधी उपसायचा नाही, हा बाबांचा दंडक त्याला सांग. बियाण्याची गांडुळं तिथं असतात ना?

आहे तेवढ्या लोभात भागवून घेणारा,
तुझा भाऊ


१६ फेब्रुवारी

चि. तराजूस,
अ. आ.

तोंडानं त्यांनी तुझी आठवण कधी काढली नाही. खोटं कशाला सांगू?

पण माळी आला आणि म्हणाला की भरलेला डबा उचलवत नाही, तळ रिकामा करा. मी हात घातला. बोटांत जाळं अडकलं. ओढलं तर कॉलर वर आली. कापड नाही, नुसती शिवण. मागोमाग बाह्या, खिसा, लोंबती बटणं. गांडुळांनी सुती कापड खाल्लं आणि पॉलिएस्टरचा दोरा सोडून दिला. बाबा गिऱ्हाइकांपुढे मिशीला पीळ देऊन सांगायचे ना, कापड विरेल पण माझी शिवण उसवणार नाही!

ते धुऊन दोरीवर अडकवलं आणि मी चार पावलं मागे सरले. आत माणूस नसलेला शर्ट उभा होता. डावा खांदा पाऊण इंच खाली.

असे सहा निघाले. टेप लावून पाहिली, प्रत्येकाचं पोट आधीच्यापेक्षा अर्धा इंच जास्त. दर वर्षी एक शिवायचे. दिलेला शब्द मोडवेना म्हणून पाठवायचे नाहीत, आणि तुझ्या खांद्याचा शर्ट दुसऱ्या कोणाला होणार? मग गांडुळांना. इतकी वर्षं त्यावर मीच माझ्या हातानं सालं टाकत होते रे. रडू आलं, आणि भीतीही वाटली.

जीव सांभाळ.
ताई


२१ फेब्रुवारी

ताई,
मायना राहिला, रागावू नकोस. तुझं पत्र आल्यापासून डाव्या खांद्यावर तळवा जाणवतो. माप घेताना बाबा ठेवायचे तसा, जड आणि कोमट. कचेरीत, जिन्यात, कुठेही. मी खांदा झटकतो.

माझं पोट दरवर्षी सुटत गेलं, हे त्यांना कोणी सांगितलं? मी पत्रात कधी लिहिलं नाही, फोटो पाठवला नाही. तू सांगितलंस का?

ताबडतोब लिही.
तुझा भाऊ


२५ फेब्रुवारी

चि. तराजूस,
पुष्कळ आशीर्वाद.

मला तरी कुठे ठाऊक होतं? त्यांची मापांची जुनी वही चाळली. त्यात त्यांची स्वतःची मापं आहेत, ते तुझ्या वयाचे होते तेव्हाची. तेव्हा त्यांचंही पोट असंच अर्ध्या-अर्ध्या इंचानं सुटत होतं. तू डोळ्यांआड होतास, म्हणून त्यांनी स्वतःवरून तुला वाढवलं.

टेबलाच्या खणात सातवा शर्ट सापडला. शिवून झालेला, काजंसुद्धा केलेली, फक्त बटणं नाहीत. जाण्याआधी दीड महिना तो तसाच पडून होता. हात धड होते, बटणांचं काम दहा मिनिटांचं. बाबा म्हणायचे की बटण लागेपर्यंत तो शर्ट नव्हे, नुसतं कापड. तेव्हा मी कापडच पाठवते आहे. शब्द मोडल्याचा ठपका माझ्यावर नको. सोबत सात बटणं आहेत, डब्यातल्या पहिल्या शर्टाची.

लोभ कापडाबरोबर बांधला आहे.
ताई


४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पार्सल दोन दिवस उघडलं नाही, भ्यालो होतो. मग सुई आणली. दोरा ओवतानाच घाम फुटला, दोनदा बोटात टोचली. सातही बटणं लावली. मधलं एक तिरकं बसलंय. बाबांनी ते उसवायला लावलं असतं.

शर्ट घातला. पोटावर बसला, डाव्या खांद्यावर बसला. तळवा पुन्हा आला. या वेळी मी खांदा झटकला नाही, खूप वेळ तसाच उभा राहिलो.

बाबांचा शब्द राहिला, ताई. शर्टावर शेवटचा हात माझा आहे.

माळ्याला नाही म्हण, डबा मी नेईन. रविवारी येतो, हाच शर्ट घालून. ते सहाही पुन्हा तळात ठेव, वर ओला कागद घाल. झाकण मी आल्यावर उघडू. आधी दोनदा मी वाजवीन.

तुझा तराजू