बाबांची डावी भुवई

तांदिल, २ ऑगस्ट १९९६

प्रिय नोएमीताईस,
सा. न. वि. वि.

खोटं कशाला सांगू? बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू अजून तशीच लुळी आहे. भुवई हलत नाही, ओठ लोंबतो. सप्टेंबरात वसंत लागेपर्यंत हालचाल दिसली नाही तर फार आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी पत्त्यांचा अड्डाही सोडला. ट्रुकोच्या डावात जोडीदाराला चेहऱ्यानेच खुणा करायच्या, मोठा एक्का आला की भुवया उडवायच्या. अर्ध्या तोंडाने मी काय खुणा करू, म्हणतात, आणि मफलरमध्ये तोंड खुपसून बसतात.

शेवटी मीच त्यांना आमच्या क्लबात ओढून नेलं. टेबलावर नदी-डोंगर मांडायचे आणि शिशाच्या छोट्या बाहुल्यांनी बुटक्यांची नि राक्षसांची लढाई खेळायची. एका जोडीदाराकडे घोडदळ, दुसऱ्याकडे पायदळ, आणि लढाई सुरू झाली की दोघांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. हा नियम बाबांना फार आवडला! त्यांनी बुटके भालेकरी घेतले. मी घोडे सरळ राक्षसांच्या भाल्यांवर घातले आणि सगळे कापले गेले. घरी येताना बाबा म्हणाले, की तुझे घोडे म्हणजे स्वयंपाक व्हायच्या आधी येऊन बसलेले पाहुणे. आधी माझ्या भालेकऱ्यांना शत्रू नदीच्या उतारावर अडकवू दे, त्याची पाठ तुझ्याकडे झाली की मग घाल. कितीतरी दिवसांनी ते एवढं बोलले गं.

११ तारखेच्या रविवारी पुन्हा खेळणार आहोत. तुझी माया आहेच, तिच्यासोबत थोडा धीरही पाठव.

तुझा,
लिसांद्रो


बाहिआ ब्लांका, ७ ऑगस्ट

चि. लिसांद्रोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. बाबा तुझ्या घोड्यांना नावं ठेवतात म्हणजे माणूस अजून शाबूत आहे. तू लहानपणीही भाजलेलं मांस ताटात पडायच्या आत उचलायचास, त्यामुळे घोड्यांचं मला नवल वाटलं नाही. या वेळी तरी थांब.

पण मला भीती वाटते रे. बाबा हसले की आईच्या माघारी घर भरायचं. तो चेहरा पुन्हा दिसणारच नाही, हा विचार मला कामातही सोडत नाही. त्यांना वाऱ्यात नेऊ नकोस, आणि काहीही घडलं तरी लपवू नकोस.

तुम्हां दोघांवर जीव टाकणारी,
नोएमी


तांदिल, १२ ऑगस्ट

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ गाढव आहे, हे लेखी कळवण्यासाठी हे पत्र.

काल माझ्या भालेकऱ्यांनी राक्षसांना उतारावर तासभर रोखून धरलं. निम्मे मेले, पण रांग मोडली नाही. लिसांद्रोने घोडे रानाआड दडवले होते आणि जन्मात पहिल्यांदा तो थांबला. अखेर राक्षस माझ्याकडे वळले, त्यांची अख्खी पाठ उघडी पडली. आता घाल! पण बोलायची बंदी. मग जन्माची सवय होती तेच केलं, हातात मोठा एक्का असल्यासारख्या भुवया उडवल्या.

हा पठ्ठ्या घोडे घालायचे सोडून माझ्याकडे आ वासून बघत राहिला. मी पुन्हा उडवल्या. तो रडायलाच लागला. घड्याळातली वाळू संपली, आमची पाळी गेली आणि राक्षसांनी माझे उरलेले भालेकरी चिरडले. जिंकलेली लढाई हरलो. राक्षसांकडून खेळणाऱ्या म्हाताऱ्या औषधवाल्याने पाळी परत खेळा म्हटलं, मी साफ नाही म्हणालो.

मी लिसांद्रोवर खेकसणार, तेवढ्यात तो म्हणाला, बाबा, दोन्ही उडाल्या. औषधवाल्याने भिंतीवरचा आरसा काढून आणला. मी तिसऱ्यांदा करून पाहिलं. डावी जरा आळशी आहे, पण येते उजवीच्या मागून. पोरी, मला फार बरं वाटलं.

ओठ अजून रुसलेला आहे, येईल तोही. शुक्रवारी ट्रुकोला जातो आहे. मफलर लिसांद्रोला देऊन टाकला. कालपासून त्याला डोळे पुसायला काहीतरी लागतंच आहे.

तुझा,
बाबा