कोकमांबरोबर सुकलेली पट्टी

४ मे
निषेध नोंदवून ठेवतो. पत्र्याची जाडी मोजायच्या अल्ट्रासॉनिक प्रोबची फिल्म कापायची माझी कात्री आज सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, मिश्या कापताना सापडली. बायकोचं, सुमनचं म्हणणं, धार होती म्हणूनच घेतली. आता नाही. तिनंच फिल्म कापली तर कड चुरगळली, दोन्ही बाजूंचा चांदीचा मुलामा एकमेकांना टेकला. शॉर्ट. पट्टी बाद.

५ मे
नवी पट्टी पितळेवर चिकटवली. सुमनला सांगितलं, इपॉक्सी सुकेपर्यंत सांभाळ. संध्याकाळी पाहतो तर पट्टी पत्र्यावर, कोकमाच्या सोलांच्या रांगेत! मे महिन्यातला पत्रा. ही फिल्म तापली की तिचा गुणच जातो, मग लहरी ना सोडते ना ऐकते. "लवकर सुकेल म्हणून ठेवली हो." तिचा भाऊ सदा समोरच चहा पीत बसलेला. म्हणजे डिचोलीभर झालं.

७ मे
तिसरी पट्टी. सावलीत, माझ्या डोळ्यांसमोर सुकवली. प्रतिध्वनी क्षीण, पण आखूड. हेच हवं होतं. विकतचा प्रोब घंटेसारखा घुमत राहतो, पातळ पत्र्याचे पुढचे-मागचे प्रतिध्वनी एकमेकांत बुडतात. फिल्म एकदाच टक् करते. सहा मि.मी. जाडीचा लोखंडी नमुना सहाच दाखवते. वडिलांकडे न्यायशास्त्रातलं 'धुरावरून अग्नी' घोकत वाढलो, आता प्रतिध्वनीवरून लोखंड. ते हसले असते.

१० मे, रविवार
नार्वेचा धक्का. सदा तांडेल आहे त्या खनिजाच्या बार्जचा तळ आतून मोजला. सगळीकडे सात-साडेसात मि.मी. पंपाखाली तीन. पुन्हा तीन. खिशातला नमुना लावला, सहा. सदाला दाखवलं.
"भावोजी, ही कोकमांवांगडा सुकलेली पट्टी न्हय मां?"
खलाशी हसले. मीही हसलो.

११ मे
गंजाच्या पोटात फट असेल तर प्रतिध्वनी तिथूनच परततो, मग पत्रा जाड असूनही तीन दिसेल. असेलही. पण गोदीत चढवल्याशिवाय कळणार कसं? सदाला फोन केला, भरण्याआधी गोदीत घे म्हटलं.
"मालकाक काय सांगू? सोलां काय म्हणतत?"
उद्या खनिज भरणार म्हणाला. दोन फेऱ्यांनंतर बघू.

१२ मे
बार्ज सकाळीच भरून गेली. नमुना चार वेळा मोजला. सहा, सहा, सहा, सहा. सुमन विचारते, तोच तुकडा कितीदा मोजणार. तिला तीनचं सांगितलेलं नाही.
पट्टी चुकली असेल, असं सकाळपासून स्वतःला बजावतोय. मला ते पटत नाही. रविवारी मी हसलो नसतो तर सदानं ऐकलं असतं. त्याचा फोन लागत नाही.