दुरुस्तीला गेलेला मोबाइल

तायडे,

घरचा लँडलाइन मागच्या महिन्यात बंद केला. हे म्हणाले, "मोबाइल असताना ते धूड कशाला?" मला पटलं, अर्जावर सही मीच केली. त्याच आठवड्यात माझा मोबाइल बिघडला. ह्यांनी तो दुरुस्तीला नेला, अजून दुकानातच आहे म्हणतात.

आज सकाळी हे आंघोळीला गेले आणि ह्यांच्या बॅगेत माझा मोबाइल वाजला. तुझा मेसेज होता. त्याच्या वर महिनाभराची माझी उत्तरं होती. "मी मजेत आहे, ताई. कामात आहे, फोन करू नकोस." मी तुला जन्मात कधी ताई म्हटलंय का गं? शेवटचं उत्तर होतं, "उद्या आम्ही लांब राहायला जातोय. पत्ता नंतर कळवते." मला ह्यातलं काहीच माहीत नाही.

तुला फोन लावणार, तेवढ्यात नळ बंद झाला. मोबाइल होता तसा ठेवला, ह्यांना डबा भरून दिला, हसलेसुद्धा.

हे कामाला गेल्यावर इथवर पत्र लिहिलं, पाकिटावर तुझा पत्ता घातला आणि पोस्टात टाकायला निघाले. दाराला बाहेरून कुलूप आहे. पाकीट खिडकीतून खाली टाकता येईल, पण ते आधी कोणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

तुझीच,
धाकटी