पसाभर धान

२ नोव्हेंबर २००८, रविवार

आलो एकदाचे आपल्या घरात. मेटॅडोरमध्ये पुढे आम्ही, माझ्या मांडीवर पायल, पायलच्या मांडीवर तुळशीची कुंडी, अशी आमची वरात गोंदियाहून तिरोड्यात शिरली. ओमेश्वर लग्नाच्या दिवशीही एवढे खूश नव्हते. तोंडावर त्यांना 'अहो' म्हणते, पण वहीत नवऱ्याचं नाव लिहायला मला कोण अडवतंय.

घर जुनं आहे. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर, मागे पेरूचं झाड. नत्थूलालजी मुलाकडे नागपूरला राहायला निघाले म्हणून त्यांनी विकलं. आम्ही दोघंही शेतकऱ्यांचीच पोरं, पण नोकरीवाले. शेत केव्हाच विकलं गेलं, तांदूळ दुकानातून येतो. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, लोकांची पोरं तोलत आता तिरोडा तालुकाभर फिरणार. आमची पायल सहा वर्षांची आणि सदा भुकेली. आल्या आल्या तिने चिवड्याचा डबा रिकामा केला.

आतल्या खोलीत धानाची कोठी आहे. मातीची, भिंतीतच बांधलेली, जमिनीपासून थेट वरच्या तुळईपर्यंत. वरती धान ओतायला तोंड आणि खाली काढायला हात जाईल एवढं भोक. किल्ली देताना नत्थूलालजींनी बजावलं होतं की सगळं घर झाडा, पण कोठीच्या बुडाशी पसाभर धान ठेवलंय, ते राहू द्या. मी आधी तेच झाडलं. किडे झाले होते त्यात. शेजारच्या रुख्माबाईंच्या कोंबड्यांना घातलं, त्यांची दिवाळी झाली.

८ नोव्हेंबर

घरात नुसता धुरळा. मंगरू मिस्त्री पोपडे खरवडतोय, अंगणात फरशीचे खोके येऊन पडलेत आणि स्वयंपाक मी न्हाणीच्या दारात करतेय. पण मजा येतेय. कोठीच्या जागी मला टीव्हीचं कपाट हवं होतं. मंगरू म्हणाला की तुळई तिच्यावरच टेकलीय, पाडली तर कवेलू डोक्यावर येतील. मग वरचं तोंड आणि खालचं भोक विटांनी बुजवून घेतलं, वरून पुट्टी मारली. आता ती नुसती भिंत दिसते.

रुख्माबाई बघायला आल्या. सध्या सगळ्यांच्या अंगणात नवं धान पडलंय, त्याही मळणी सोडून आलेल्या, केसात भुसा. बुजवलेली कोठी पाहून मटकन खाली बसल्या. "रिकामी कोठी बंद करतेत काय वो? काऊन झाडली तुनं? रिकामी रायली का ते घरातलंच ओढते, मंग भरल्याबिगर थांबत नाई." त्यांनी पसाभर धान देऊ केलं, भोक फोडून टाक म्हणाल्या. ओमेश्वर हसले. उंदरांना आयतं जेवण कशाला, म्हणाले. मीही हसले. पुट्टी सुकत आली होती, पुन्हा फोडायचा कंटाळा आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

रंग झाला. बदामी. घर इतकं देखणं दिसतंय की भिंतींवरून हात फिरवत राहावंसं वाटतं. पायलला नवा खेळ मिळालाय. कोठीच्या भिंतीवर ठोकलं की ढोलकीसारखा आवाज येतो, ती दिवसभर वाजवत बसते.

दिवेलागणीला लक्षात आलं की दुपारी आम्ही तिघंही जेवायचं विसरलो. रंगाच्या वासाने भूक मेली असेल.

२४ नोव्हेंबर

पायलचा डबा शाळेतून भरलेलाच परत येतोय. भूक नाही म्हणते. खरं सांगायचं तर मलाही नाही आणि ओमेश्वरनाही नाही. वेळ झाली म्हणून ताटं वाढते, औषध घ्यावं तसे चार घास गिळतो. डब्यातला तांदूळ कमीच झालेला नाही. रंगाचा वास तर केव्हाच गेला.

पायल आता भिंत वाजवत नाही. गाल टेकवून उभी राहते. तिला बाजूला करून मी ठोकून पाहिलं. वर पोकळ वाजते. खाली, माझ्या गुडघ्यापर्यंत, भरीव. मी पुन्हा पुन्हा ठोकलं. घाबरले. पोटात गोळा आला, आणि त्याचंही बरं वाटलं, पोटात काहीतरी झालं म्हणून.

२ डिसेंबर

लोकांची पोरं तोलायचा काटा घरी आणला आणि पायलला तोललं. दुसऱ्या कुणाची लेक असती तर आईला रागावून तिला त्याच दिवशी दवाखान्यात भरती करायला लावलं असतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, टॉनिक दिलं. माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर जाणार, असं येताना गाडीत वाटत राहिलं.

उतरल्या उतरल्या रुख्माबाईंकडे गेले. पदरात नवं धान घेऊन आले आणि ओमेश्वरना म्हटलं, भिंत फोडा. त्यांनी सब्बल उचलली, भिंतीसमोर जरा वेळ उभे राहिले, मग खाली ठेवली. कशाला, म्हणाले, रंग किती छान बसलाय. मी भांडायला हवं होतं. पण तेही खरंच वाटलं मला. धान खिडकीत ठेवलं आणि टीव्ही लावला.

१० डिसेंबर

भरीव कमरेच्या वर आलं. भिंत कोमट लागते. पायलच्या फासळ्या दिसतात. दिसतात, एवढंच.

आज एका आईला बाळाला कसं भरवायचं ते नीट समजावलं. चांगलं बोलले. घरी आल्यावर गॅस पेटवायचा राहून गेला. कुणी विचारलंही नाही.

हे सगळं लिहून ठेवतेय. वाचून तरी भीती वाटेल.

वाचलं. नाही वाटली.

१५ डिसेंबर

रुख्माबाई पायलला न्यायला आल्या. थोडे दिवस माझ्याकडे ठेव म्हणाल्या. न्या म्हटलं. पायल जाईना. भिंतीशी बसलेली, हाताला धरून ओढलं तरी उठेना. अंगात काही उरलं नाहीये, तरी आम्हा दोघींच्यानं हलली नाही. रुख्माबाई रडत परत गेल्या.

त्या का रडल्या ते मला कळलं. पण—

१८ डिसेंबर

पायल घरात नाही. शाळेत नाही. तळ्यावर नाही. ओमेश्वर ठाण्यात गेलेत.

सकाळी दाराला आतून कडी होती.

भिंतीला तडा नाही. ओरखडा नाही. ठोकून पाहिलं — तुळईपर्यंत भरीव.

१९ डिसेंबर

भूक लागली. मला, ओमेश्वरनाही. सकाळपासून. असली भूक कधीच — भात होईपर्यंत धीर नाही, गूळ खाल्ला, कच्चे तांदूळ खाल्ले. आता जेवतोय. डाव्या हाताने लिहितेय, उजवा ताटात.

ओमेश्वर रडतायत आणि जेवतायत. मीही. सगळं परत आलं — माझी पायल — काय केलं मी — मीच झाडलं ते, मीच बुजवलं —

भिंतीच्या आतून आवाज येतोय. तिचाच. आई, भूक लागली, म्हणतेय. पुन्हा पुन्हा म्हणतेय.

ओमेश्वर उठत नाहीत. मी उठते. आलेच गं पायल. भात थोडाच उरलाय ताटात, हा एवढा घास, हा संपला की—