आज्ञा गुरुवारचा उजवा पाय

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार
कपाळावर राख घेऊन आलो. यंदाचा उपवासकाळ फुकट घालवायचा नाही. संकल्प: मटण-चिकन बंद. राग बंद. तळमजल्यावरच्या प्रदीप घोन्साल्वीसला क्षमा. (मनातल्या मनात. त्याला कळवायची गरज नाही.)
तसं झालं काय होतं? ख्रिसमसला चर्चमध्ये नाताळगोठ्यांची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांची स्पर्धा. प्रदीपचा गोठा पहिला येणार, असं सगळे म्हणत होते. मी फादरना एवढंच सांगितलं की तो रेडिमेड आहे, बोईसरच्या बाजारातला. बक्षीस देऊ नका असं मी कुठे म्हटलं? तेव्हापासून याचा अबोला. वर्षानुवर्षं त्याच्या स्कूटरवर मागे बसून कंपनीत गेलो, आता शिफ्टच्या बसमध्ये लोंबकळतोय. एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग! ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

७ मार्च, शुक्रवार
मांसत्याग कडक पाळला. पापलेट आणलं. मासळीवाल्या वत्सलाबाई म्हणाल्या की आज उपास हाय ना तुमचा, मंग सुके बोंबील घ्या, पापलेट कशाला? मी समजावलं की मासे मांसात मोडत नाहीत, चर्चचा नियमच आहे. त्या नुसत्या हसल्या. आपल्या धर्मातलं त्यांना काय कळणार!
चांगलं मोठं होतं. दोन्ही वेळा खाल्लं.

१६ मार्च, रविवार
राग आतापर्यंत एकदाच आला, तोही आज. रुचिता (बायको) म्हणाली की खाली जाऊन प्रदीपशी बोलून टाका एकदाचं, किती दिवस तोंड फुगवून बसणार? मी शांतपणे ओरडलो.

२८ मार्च, शुक्रवार
कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला गेलो. पापं कशी सविस्तर सांगावीत, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं. प्रदीपचा अहंकार, रुचिताची जीभ, सुपरवायझरचा पक्षपात. काही म्हणजे काही लपवलं नाही. फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की या तिघांची झाली, आता तुझी सांग.
मागे रांग होती. लोकांचा खोळंबा नको म्हणून माझी थोडक्यात आटपली.

६ एप्रिल, रविवार
वा! आज्ञा गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत माझं नाव! नम्रता कितीही लपवली तरी वर दिसतेच. घरी येऊन सांगितलं. मला स्वतःला पट्टशिष्य पेत्राची जागा योग्य वाटते. रुचिता म्हणाली की बारांत येशूला दगा देणारा यूदासही होता. दुर्लक्ष केलं. राग बंद म्हणजे बंद.

१२ एप्रिल, शनिवार
चौकशी केली. फक्त उजवा पाय धुतात. म्हणून सगळी मेहनत उजव्यावर. कोमट पाणी, शाम्पू, दगडानं टाच घासणे, वर रुचिताची क्रीम. टाच अशी मऊ, की पाहत राहावं. डाव्याचं ईस्टरनंतर बघू.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
बारांत प्रदीपसुद्धा! फादरना माणसं ओळखता येत नाहीत. असो. मोठेपणा मीच दाखवतो. वाक्य तयार केलं: प्रदीप, तू कसाही वागलास तरी मी तुला माफ केलंय. आरशासमोर म्हणून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच.

१७ एप्रिल, आज्ञा गुरुवार
घात झाला. फादर म्हणाले की यंदा मी धुणार नाही, शेजारी बसलेल्यांनी एकमेकांचे पाय धुवा. माझ्या शेजारी कोण? प्रदीप.
तो आधी खाली बसला. पाणी ओतलं, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसलं. आणि मान खाली घालूनच पुटपुटला की इतके दिवस तुझ्यावर राग धरला रे, माफ कर. माझं वाक्य अगदी ओठांवर होतं. तोंडातून निघालं, की पाणी फार गार आहे.
मग माझी पाळी. गुडघ्यांवर बसलो, पाय धुतला, इथवर ठीक. उठता येईना. पोट आडवं आलं. शेवटी प्रदीपनं काखेत हात घालून उभं केलं. पोरं हसली, फादर हसले, रुचिता सगळ्यांत मोठ्यानं.
झोप नाही. गुडघा ठणकतोय.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
रात्रभर ठणकत होता तो गुडघा नव्हता.
सकाळीच खाली गेलो. बेल वाजवली. माफ कर म्हणालो. प्रदीपनं विचारलं की कशाबद्दल? हा माणूस सोपं करून देईल तर शपथ! सांगावंच लागलं. म्हणालो की तुझा गोठा विकतचा नव्हता. मला माहीत होतं. त्यातल्या डोंगराला रंग मीच दिला होता तुझ्याबरोबर बसून. पहिला तू येणार, हे बघवलं नाही मला.
तो म्हणाला की ते मला ठाऊक आहे, रंग देताना तू समोरच होतास ना.
मला भरून आलं. विचारलं की एवढं ठाऊक असून काल माझे पाय धुतलेस? तो म्हणाला की फादरनी खुर्च्याच तशा मांडल्या होत्या, काय करणार.
मग दार लावता लावता म्हणाला की सोमवारी सकाळी खाली येऊन थांब, मी हॉर्न वाजवत बसणार नाही.