हॉलमधली नेमकी जागा

मुलुंड (पूर्व)

ती. दादास मधूचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, वहिनींचं पित्त आणि कुडाळच्या घरावरची माकडं, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. हे फोनवर बोलता येत नाही, कारण आईला मिक्सर ऐकू येत नाही, पण तुझं नाव मी बाथरूममध्ये घेतलं तरी तिला ऐकू येतं.

तर मी घरात चांगले स्पीकर घेतोय. भाऊंच्या भजनाची ती गावची कॅसेट मी मोबाइलवर उतरवून घेतली आहे. पण मोबाइलवर भाऊ डब्यात तोंड घालून गातायत असं वाटतं. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. मला आपल्या बापाचा आवाज एकदा धड ऐकायचा आहे, बाकी काही नाही. त्यासाठी मी असा अभ्यास केलाय (सुलक्षणा म्हणते, एवढा दहावीला केला असतास तर आज मलबार हिलला राहिलो असतो), की आता किती खर्च करायचा याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. फक्त आकडा दर आठवड्याला बदलतो.

पहिला आकडा तीस हजार. मरोळच्या दुकानातला सिद्धेश नावाचा तरुण घर बघायला आला. त्याने टेप काढून हॉल मापला, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि निदान केलं, की दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस यांचा त्रिकोण जमावा लागतो, आणि आपल्या हॉलमध्ये तो एकाच जागी जमतो. त्याने बोट दाखवलं तिथे आई खुर्चीत कुळीथ निवडत बसली होती. टेप आपल्या दिशेने येताना बघून ती म्हणाली, "ह्यो माजी मापा कित्याक घेता?"

ती खुर्ची तुला माहीत आहेच. तिथून एकाच वेळी गॅस, दरवाजा आणि टीव्ही दिसतो. आई तिथून उठली तर घर चालणार कसं, असं तिचं म्हणणं आहे (आणि सुलक्षणाचं नाही). मग मी स्पीकर सरकवून बघितले, अर्थात कागदावर. एका मांडणीत ऐकणारा फ्रिजमध्ये बसतो, दुसऱ्या मांडणीत संडासाच्या दारात. सिद्धेशने तोडगा काढला, की आणखी भारी सेट घ्यावा, तो कुठेही बसलं तरी सारखा ऐकू येतो. सव्वा लाख! मी डगमगलो नाही. पण त्याआधी डोकं लढवलं आणि आईसाठी मागे रेलणारी बावीस हजारांची आरामखुर्ची आणून ती खिडकीशी ठेवली, म्हणजे म्हातारी आपणहून तिकडे जाईल. आईला खुर्ची भारी आवडली. तिने वॉचमनला बोलावून ती उचलवली आणि जुन्या खुर्चीच्या जागी ठेवून घेतली. आता ती तिथे बसत नाही, आडवी होते. जुनी खुर्ची खिडकीशी आहे आणि तीत मी बसतो.

तरीही मी खचलेलो नाही. सव्वा लाखावर मी ठाम आहे. तुझा सल्ला मागत नाही, फक्त कानावर घालतोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू

ता. क. आता आलोच आहे विषयावर तर सांगतो. आईला मे महिन्यात कुडाळला ने. महिनाभर नको, पंधरा दिवस पुरे. आंब्यांचं निमित्त कर, नाहीतर वहिनींचं पित्त वाढलंय असं सांग. तेवढ्यात मी त्या जागेवर बसून भाऊंना ऐकून घेतो, आणि माझा सव्वा लाख वाचतो. यातला अर्धा विचार तुझ्या पुतण्यांच्या भल्याचा आहे.

ता. क. २. पाकीट बंद करणार होतो, तेवढ्यात सिद्धेश तो तीसवाला छोटा सेट दोन दिवस ऐकून बघायला ठेवून गेला. मी खिडकीशी बसून भजन लावलं. तिथून मला भाऊ अर्धेच ऐकू येत होते, उरलेला सगळा पखवाज. आई आडवी होती, ती उठून बसली. कुळीथ निवडायचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. भाऊ वरच्या पट्टीत गेले तशी ती स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "सुलक्षणा, पाणी कढत कर गो, घसो बसतलो आता तेंचो."

तू मे महिन्यात आईला न्यायला येऊ नकोस. छोटा सेट ठेवून घेतोय, जागा आहे तिचीच राहू दे. सुलक्षणाने खरोखरच पाणी तापवलं. ते शेवटी मी प्यायलो, कारण घसा माझाच बसला होता.