परत आलेला डबा

आबा, आज मत देऊन आले. तीच शाळा, आवाराभोवती तोच चिऱ्यांचा गडगा, फक्त कौलं जाऊन वर पत्रे आलेत. दाराशी बंदोबस्ताला एक पोलीस होता, घाटावरचा असावा, उन्हाने काळवंडलेला. "जेवलास काय रे?" असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं. घरी येऊन बांगडे साफ केले, तिरफळं ठेचली आणि तिखलं चुलीवर ठेवून हे लिहायला बसले. तुम्हाला लिहायचं तर भुकेबद्दलच लिहायला हवं.

लोकसभेची निवडणूक होती, ऐंशीच्या दशकातली, थंडीतली. तुम्ही हवालदार, आणि बंदोबस्ताला नेमके आमच्या गावात. "साहेब, लेकीचं सासर आहे तिथे, मला दुसरीकडे टाका," असं तुम्ही दोनदा सांगितलं होतं म्हणे. माणसंच कमी, कोण ऐकतो! मला मात्र आदल्या दिवसापासून आनंदाच्या उकळ्या. माझ्या थोरलीचं बारसं झाल्यावरच तुम्ही आमच्याकडे जेवायला लागला होतात, तोवर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यायचात. मी पहाटेच उठून मसाल्याचं वाटप वाटलं. माझे सासरे एका उमेदवाराचे गावातले मुख्य माणूस होते, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. दुपारी ते चुलीपाशी येऊन म्हणाले, "गो, तुझो बापूस उपाशी रवतलो काय? डबो घेवन जा. रांगेच्या समोरसून जा, आडवाटेन नको."

मी निघाले. एका हातात डबा, कडेवर पोर. गडग्याबाहेर आंब्याखाली खालच्या वाडीतल्या मासे विकणाऱ्या बायका घोळका करून उभ्या होत्या. रांगेत एकही नाही. मी त्यांच्यासमोरून ऐटीत चालत आले, कारण दाराशी खाकी कपड्यात माझे आबा उभे होते. "आबा, तिखलां हाडलंय," मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पोरीकडे पाहिलंत. आणि कचेरीत बोलतात तसल्या कोरड्या मराठीत म्हणालात, "बाई, मत द्यायचं असेल तर रांगेत उभ्या राहा. डबा आत येणार नाही."

मला 'बाई' म्हणालात, आबा. जन्मभर जिला 'बाय' म्हटलंत तिला.

मी म्हटलं, "आबा, माका वळखलात नाय?" तुम्ही मान वळवलीत आणि पिशवीतून पोह्यांची पुरचुंडी काढून, उभ्या उभ्याच, गुळाच्या खड्याबरोबर खाऊ लागलात. एकेक घास कितीतरी वेळ चावत होतात, मला दिसत होतं. तरी रागाने माझं अंग जळत होतं. मी परत फिरले. तेवढ्यात आंब्याखालची एक म्हातारी पदर खोचत मोठ्याने म्हणाली, "चला गो. ह्या पोलिसान खाल्ल्यान नाय." आणि त्या साऱ्याजणी येऊन रांगेत उभ्या राहिल्या.

घरी जे व्हायचं ते झालं. सासऱ्यांनी तोंड फिरवलं. सासूबाईंनी डबा कुत्र्यापुढे ओतला आणि म्हणाल्या, "लेकीक वळखना नाय तो बापूस कसलो?" मला ते पटलं. त्या बायकांची मतं गेली खड्ड्यात, माझा बाप मला परका झाला होता.

आठ दिवसांनी तुम्ही आलात. साधा सदरा, हातात माझ्या केसांसाठी अबोलीचा वळेसर. पडवीत कोणी 'बसा' म्हणालं नाही, तरी कडेला बसलात, पोरीला मांडीवर घेतलंत आणि हळूच म्हणालात, "बाय, भूक लागली आसा गो. तिखलां आसा?"

मी म्हटलं, "आज काय करूक नाय."

"बरां. पाणी दी तर."

पाणी प्यायलात. वळेसर उंबऱ्यावर ठेवलात आणि एस.टी.च्या वेळेआधीच उठलात. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. तिखलं तेव्हापासून किती वेळा केलं, मोजदाद नाही. पण पहिला घास घेताना तुम्ही हवे होतात असं वाटलं नाही, असं एकदाही झालं नाही. फार आठवण येते, आबा. वय झालं तशी कमी होईल म्हटलं होतं, उलट वाढतेच आहे.

हे पत्र कुठे टाकणार? चुलीतच जाईल. म्हणून लिहून टाकते. तुम्ही बंदोबस्ताला आलात त्याच्या आधीच्या निवडणुकीत बंदोबस्ताचा शिपाई आमच्या पडवीत जेवला होता. हात पुसून तो शाळेकडे गेला आणि खालच्या वाडीतल्या बायकांना त्याने गडग्यावरूनच हाकललं, "तुमची मतं झाली, जावा घराक," म्हणून. त्याला वाढलं होतं मीच, नव्या नवरीच्या हिरव्या चुड्याच्या हातांनी. डबा रांगेसमोरून कशाला न्यायचा, हे मला घरातून निघतानाच ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी तो घेऊन तुमच्यासमोर आले.

आणि तुम्ही भूक लागली म्हणालात त्या दिवशी, आबा, चुलीवर टोप भरलेला होता. बांगड्याचंच तिखलं. पडवीपर्यंत वास येत होता.